रिव्हर्समध्ये ओढलं आणि पुढून ‘कट्’ आवाज आला : छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे छोटा फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारा) ट्रॅक्टर आहे. तोडलेल्या झाडाचा बुंधा उपटायचा होता. पुढच्या हुकाला साखळी लावली, लो गिअरमध्ये फोर बाय फोर टाकलं आणि रिव्हर्स घेतला. बुंधा हलेना, म्हणून साखळी थोडी ढिली सोडून दोन-तीन हिसके दिले. पुढून ‘कट्’ असा आवाज आला. तेव्हापासून फोर बाय फोर टाकलं की डाव्या चाकातून कटकट ऐकू येते आणि पुढची चाकं ओढतच नाहीत. मेकॅनिक म्हणतो, हबमधले, म्हणजे चाकाच्या मध्याशी असलेल्या डब्यातले, बेव्हल गिअर (जोर काटकोनात वळवणारे तिरक्या दातांचे गिअर) गेले. पुढून ओढलं की नजर कामावर राहते, मान वळवावी लागत नाही, म्हणून मी नेहमी तसंच करत आलोय. बुंधा तसा फार मोठाही नव्हता. ट्रॅक्टरमध्येच काही दोष असेल का?

उत्तर : तुमच्या मेकॅनिकचं निदान बरोबर वाटतं. ट्रॅक्टरमध्ये दोष असेलच असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही सांगितलेल्या पद्धतीने ओढलं तर चांगल्यातल्या चांगल्या छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल जातो. माझ्या शेडमध्ये हबचे गिअर मोडून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘रिव्हर्समध्ये काय ओढत होता?’

असं का होतं ते थोडं आकडेमोड करून बघू. समजा ट्रॅक्टर ७५० किलोचा आहे. उभा असताना पुढच्या चाकांवर ३०० किलो आणि मागच्यांवर ४५० किलो भार आहे, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १.४ मीटर आहे. मागच्या ड्रॉबारला (ओढायच्या दांडीला) जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर साखळी बांधून तुम्ही ३०० किलोच्या जोराने पुढे ओढलंत. ओढ गुणिले उंची भागिले अंतर, म्हणजे ३०० गुणिले ०.३५ भागिले १.४, एवढा भार पुढून मागे सरकतो. उत्तर येतं ७५ किलो. आता पुढे राहिले २२५ आणि मागे झाले ५२५. मोठी चाकं, जाड ॲक्सल आणि भक्कम गिअर मागेच असतात आणि भारही तिकडेच गेला. कंपनीने ट्रॅक्टर बांधला तो असा ओढण्यासाठी.

हीच साखळी त्याच उंचीवर पुढे बांधून रिव्हर्समध्ये ओढा. ७५ किलो उलटे पुढे येतात, पुढे ३७५ आणि मागे ३७५. साखळी लोडरच्या, म्हणजे पुढे बसवलेल्या उचलायच्या हातांच्या, बकेटला ७० सेंटिमीटरवर अडकवली, तर १५० किलो पुढे येतात. मग पुढे ४५० आणि मागे फक्त ३००. लोडरचं स्वतःचं वजन मी यात धरलेलंच नाही. आणि साखळी बकेटपासून खाली बुंध्याकडे तिरकी जात असेल, तर ती ट्रॅक्टरचं नाक खाली दाबते, तो भार आणखी वेगळा. मागची चाकं हलकी होऊन त्यांची पकड कमी झाली, की ओढीचा मोठा वाटा ट्रॅक्टरच्या सगळ्यात नाजूक टोकावर येतो.

यात आणखी दोन गोष्टी भर घालतात. पहिली म्हणजे, फोर बाय फोर ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मुद्दाम अशी फिरवलेली असतात, की जमिनीवर ती मागच्यांपेक्षा किंचित जास्त अंतर कापू पाहतात. म्हणजे जोर लावण्यात ती जरा पुढेच असतात. दुसरी म्हणजे, बऱ्याच ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियनचे (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर पिनियन, तो फिरवतो ते मोठं चक्र क्राउन) दात तिरके, वळणदार कापलेले असतात. पुढे जाताना दाताची जी बाजू जोर घेते ती त्यासाठीच घडवलेली असते. रिव्हर्समध्ये दाताची दुसरी बाजू जोर घेते, आणि पिनियनवरचा रेटाही उलट्या दिशेने येऊन त्याला क्राउनच्या आत खेचू पाहतो. नुसतं रिकामं मागे येताना याने काही बिघडत नाही. पूर्ण जोर लावलात की बिघडतं.

आता हिसक्याबद्दल. इथे मला कळकळीने सांगायचं आहे, कारण खरं नुकसान त्यानेच केलं. वर मी धरलेली ३०० किलोची ओढ ही टायरच्या पकडीने ठरते. त्याहून जास्त झालं की टायर घसरतो आणि सुटका होते. मऊ जमिनीवर घसरणारा टायर म्हणजे घरातला फ्यूज आहे. तो आधी गेला पाहिजे, गिअर नाही. पण साखळी ढिली सोडून ट्रॅक्टरला वेग दिला आणि ती एकदम ताठ झाली, की ट्रॅक्टरचं सगळं वजन, फिरतं इंजिन आणि फिरते गिअर एका क्षणात अडवले जातात. तो धक्का टायर घसरायला वेळच देत नाही. तो थेट दातांवर जातो. बुंधा लहान होता की मोठा, याने तिथे काही फरक पडत नाही.

तुमचा हब उघडतील तेव्हा शक्य झालं तर तिथे थांबा. आधी निघणारं ऑइल बघा. गिअर झिजत आलेले असले तर ते चंदेरी रंग कालवल्यासारखं चकाकतं, आणि ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर बारीक किसाची मिशी उभी राहिलेली दिसते. मग मोडलेला दात पुसून उजेडात धरा. मोडलेला भाग सगळीकडे सारखाच करडा आणि खरखरीत दिसला, तर तो एकाच धक्क्यात गेला. एका कोपऱ्यात गुळगुळीत, काळपट डाग आणि बाकी खरखरीत असेल, तर तिथे आधीपासून बारीक चीर होती, ती वाढत वाढत आली आणि शेवटच्या हिसक्याने दात सुटला. दुसऱ्या प्रकारचा दात दिसला तर उजवा हबही उघडायला सांगा. त्यानेही तेच हिसके खाल्ले आहेत.

बेव्हल गिअर बदलताना जोडीच बदला. जुन्याशी नवा जुळत नाही, दोन्ही लवकर झिजतात. शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) बघून दातांमधली फट पुस्तिकेप्रमाणे बसवायला हवी. आणि पूर्ण ॲक्सल आतून धुतल्याशिवाय नवीन ऑइल भरू देऊ नका. दाताचा एक तुकडा मधल्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यात) राहिला, तर तो क्राउन-पिनियनमध्ये सापडेल आणि सगळा खर्च पुन्हा होईल. जाता जाता गिअरबॉक्सकडून पुढे येणाऱ्या शाफ्टच्या कपलिंगच्या खाचाही बघून घ्या.

यापुढे बुंधा काढायचा झाला तर आधी कुदळीने भोवतालची माती मोकळी करा आणि दिसतील ती मुळं तोडा. निम्मं काम तिथेच होतं. मग साखळी मागच्या ड्रॉबारला, मागच्या ॲक्सलच्या मध्याच्या खाली. टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या) जागी किंवा ॲक्सलपेक्षा उंच कुठेही साखळी अडकवली, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटा पडतो, आणि क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. असे अपघात जीव घेतात. ड्रॉबार लिंकेजच्या (मागे अवजार जोडायच्या दांड्यांच्या जोडणीच्या) खालच्या दोन दांड्यांमध्ये बसवलेला असेल, तर तो वर उचलला जाणार नाही असा ताण्यांनी बांधून ठेवा. रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी कमान) असेल तर तो उभा ठेवा आणि पट्टा लावा.

सगळ्यात खालचा गिअर घ्या, मऊ जमीन असेल तर फोर बाय फोर टाका आणि ट्रॅक्टर ओढीच्या रेषेत सरळ उभा करा. क्लच हळू सोडत साखळी ताठ होऊ द्या, क्लच पूर्ण सुटला की मगच ॲक्सिलरेटर वाढवा. टायर फिरू लागले की थांबा, उतरा, आणखी मुळं तोडा. साखळीच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. नायलॉनचा पट्टा वापरत असाल तर जास्तच जपा, तो ताणला जाऊन जोर साठवतो आणि तुटला की टोकाचा हुक गोळीसारखा येतो.

कधी कधी पुढून ओढण्यावाचून इलाज नसतो. जागा अरुंद असते, मागे वळता येत नाही. अशा वेळी फोर बाय फोर काढून टाका. मग रिव्हर्समध्ये फक्त मागची चाकं ओढतात, पुढचा ॲक्सल नुसतं वजन वाहतो, आणि मागचे टायर वेळेवर घसरतात. मागे लिंकेजला वजन लावा. साखळी चेसिसला बोल्ट केलेल्या पुढच्या हुकालाच बांधा. ॲक्सलच्या बीमभोवती, स्टिअरिंगच्या रॉडला किंवा बकेटच्या एका कोपऱ्याला साखळी गुंडाळलेली मी वरचेवर बघतो. त्याने रॉड वाकतो, रबर बूट फाटतो, लोडरचा हात पिळला जातो. एवढ्यानेही निघालं नाही, तर ते काम तुमच्या ट्रॅक्टरचं नाही.

प्रश्न : पुढचे टायर झिजले म्हणून नवीन घातले. साइज जवळपास तीच आहे, पण कंपनी वेगळी. आता पक्क्या रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये चालवलं की पुढून घुमल्यासारखा आवाज येतो, आणि लिव्हर काढायला गेलं की निघत नाही. थोडं मागे घेतलं की सुटतो.

उत्तर : ‘जवळपास’ या शब्दातच दुखणं आहे. वर म्हटलं तसं पुढची चाकं थोडी पुढे पळतात. किती पुढे, हे गिअर आणि टायरचा घेर मिळून ठरवतात. गिअर बदलत नाहीत. टायरचा घेर बदलला की हिशेब बिघडतो. आणि टायरवर छापलेली साइज एकच असली तरी दोन कंपन्यांच्या टायरचा खरा घेर वेगळा असू शकतो. मागचे टायर झिजलेले आणि पुढचे कोरे असतील तर फरक आणखी वाढतो.

घरच्या घरी मोजता येतं. चारही टायरमध्ये पुस्तिकेप्रमाणे हवा भरा. सपाट, मोकळ्या मातीची जागा घ्या. एका पुढच्या आणि एका मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. फोर बाय फोर टाकून हळू सरळ चला; मागचं चाक बरोबर १० वेळा फिरेपर्यंत पुढचं किती वेळा फिरलं ते मदतनीस मोजेल, शेवटचा अर्धा-पाव फेराही धरून. मग तीच जागा, तीच दिशा, पण फोर बाय फोर काढून. समजा टाकलेलं असताना १६ फेरे आले आणि काढलेलं असताना साडेपंधरा. फरक अर्ध्या फेऱ्याचा. त्याला साडेपंधराने भागून १००ने गुणलं की ३.२ टक्के. हे उत्तम. साधारण १ ते ५ टक्क्यांच्या आत असावं. त्याहून जास्त असेल तर पुढचे टायर सतत घासत राहतात आणि गिअर आवळलेले राहतात. शून्याच्या खाली गेलं तर मागची चाकं पुढच्यांना ढकलतात, तेही वाईटच.

पक्क्या रस्त्यावर आवाज येण्याचं कारण हेच. मातीत टायर किंचित घसरून तो फरक सोडून देतो, रस्त्यावर त्याला घसरता येत नाही, म्हणून शाफ्ट पिळला जातो. त्या पिळानेच लिव्हर धरून ठेवलाय. तो जोराने उपटू नका, आतला शिफ्टर वाकतो. तुम्ही करताय तसं थोडं मागे घेऊन सोडवा. मोजणी ५च्या वर आली, तर मागच्या टायरशी जुळणारा पुढचा टायर मागवा. हवा कमी-जास्त करून किरकोळ फरक मिटतो, मोठा मिटत नाही.

आणि पक्क्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकूच नका. टायर अगदी बरोबर असले तरीही.

प्रश्न : दोन चाकी ट्रॉली भरून ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचलल्यासारखं होतं, स्टिअरिंग हलकं पडतं आणि खड्ड्यात पुढची चाकं आपटतात. पुढे वजनं लावली तर ॲक्सल वाचेल का?

उत्तर : आधी ट्रॉली बघा, वजनं नंतर. एकाच ॲक्सलच्या ट्रॉलीत माल पुढे जास्त रचला, तर तिची दांडी ट्रॅक्टरच्या मागच्या टोकावर बसते आणि पुढचं टोक वर येतं. माल मागे सरकवा. ट्रॉलीच्या ॲक्सलच्या थोडासाच पुढे भार राहील असा. फार मागेही नको, कारण मग दांडी ट्रॅक्टरला मागून उचलते आणि मागच्या चाकांची पकड जाते, उतारावर ते फार धोक्याचं आहे. हिचची, म्हणजे ट्रॉली जोडायच्या जागेची, उंचीही बघा. जितकी उंच तितका भार मागे सरकतो, ते गणित वर दिलंच आहे.

स्टिअरिंग काबूत राहायला एकूण वजनाच्या किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर हवा असं धरतात. माल नीट रचूनही तेवढा राहत नसेल तर पुढे वजनं लावा, पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत. मर्यादा का, तर वेगात खड्ड्यात चाक आदळलं की ते वजन कित्येक पटीने नकल (चाक धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग), किंग पिन (नकल ज्या पिनवर वळतो ती) आणि चाकाच्या बेअरिंगवर येतं. तुमचा ट्रॅक्टर टू-व्हील ड्राइव्ह असला तर पुढे मोडायला गिअर नाहीत, पण हे सगळं आहेच. वजनं लावून वेग तोच ठेवलात तर ॲक्सल उलट लवकर जाईल. ट्रॉली सोडून दुसऱ्या कामाला निघालात की वजनं काढा. लोडर लावलेला असताना तर पुढे एक किलोही नको. तेव्हा वजन मागे लागतं, लिंकेजवर किंवा मागच्या टायरमध्ये पाणी भरून.

ओला, कच्चा उतार असेल तर उतरायच्या आधी फोर बाय फोर टाका. अनेक छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. फोर बाय फोर टाकलं की इंजिनाचा आणि ब्रेकचा रोध पुढच्या चाकांनाही मिळतो. इथे मी ॲक्सलपेक्षा तुमचा जीव मोठा मानतो.

प्रश्न : आमचा ट्रॅक्टर मीच चालवते. पुढच्या ॲक्सलचं दुखणं मोडायच्या आधी कळण्यासाठी काय तपासत राहू?

उत्तर : ऑइल, पिन आणि चाकं, या क्रमाने.

ॲक्सलमधल्या ऑइलची पातळी बघायचा लेव्हल प्लग उघडून बोट घाला. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. हबच्या आतल्या बाजूला सीलभोवती ओल आणि चिकटलेली धूळ दिसली तर सील गळतंय. तिथे दोरा किंवा तार गुंडाळली गेलीय का ते आधी बघा, पुष्कळदा तेच निघतं. ब्रीदर (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जायचं बारीक तोंड) मातीने बुजला असेल तर तापलेल्या हवेचा दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, म्हणून तो दर धुण्याला साफ करा. काम करून ॲक्सल गरम असताना लगेच पाण्यात घालू नका. आतली हवा थंड होऊन आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढते.

ॲक्सल मधोमध ज्या पिव्होट पिनवर डोलतो, तिच्या निपलला ग्रीस हवं. किती तासांनी ते पुस्तिकेत असतं. चिखलात काम झालं तर तासांची वाट बघू नका. जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत मारा. पिन तपासायला ट्रॅक्टर सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा आणि जॅक ॲक्सलला न लावता चेसिसच्या पुढच्या भागाखाली लावून दोन्ही चाकं उचला. खाली घोडी (आधाराचा स्टँड) ठेवल्याशिवाय हात आत घालू नका. मग पहारीने ॲक्सल पुढे-मागे ढकलून बघा. ठकठक वाजलं तर बुश गेला किंवा फट वाढली. काही ॲक्सलमध्ये ती फट शिम किंवा स्क्रूने कमी करता येते. शेवटी प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवा. हलत असेल तर दुसऱ्या कुणाला हबच्या मागे नजर ठेवायला सांगा : नकल जागेवर आणि चाकच हलतंय, तर बेअरिंग, नकलही सोबत हलतंय, तर किंग पिन.

प्रश्न : फोर बाय फोर कायम टाकून ठेवलं तर चालेल का? दर वेळी लिव्हर हलवायचा कंटाळा येतो.

उत्तर : नाही. मऊ जमिनीत, सरळ ओढताना, ओल्या उतारावर टाका. शेताच्या टोकाला वळताना अवजार उचला आणि फोर बाय फोर काढा, कारण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात आणि त्यांना गिअर देतात त्याहून जास्त फिरावं लागतं. ओझं मागे असताना, स्टिअरिंग पूर्ण वळवून, डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं सारखीच फिरवणारं कुलूप) दाबून वळणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार. लॉक आधी सोडा, मग वळा.